चार्जिंग केबल गरम का होते? गणित तेच, जे सोलापूरच्या ७६५ किलोव्होल्ट लाइनचं

चार्जरवर बारीक अक्षरांत ‘आउटपुट’ छापलेलं असतं. ५ व्होल्ट, २ अँपिअर. फास्ट चार्जर असेल तर शेजारी ९ व्होल्ट, २ अँपिअर अशी दुसरी जोडी. व्होल्ट गुणिले अँपिअर केलं की पॉवर मिळते: पहिली जोडी १० वॅटची, दुसरी १८ची. खोक्यावर मोठ्या अक्षरात येतो तो हा दुसरा आकडा.

रोध, म्हणजे रेझिस्टन्स, काढायला भागाकार करायचा: व्होल्ट भागिले अँपिअर बरोबर ओहम. इथे बरेच जण ५ भागिले २ करतात आणि फोनचा रोध अडीच ओहम आहे असं सांगून मोकळे होतात. त्याला काही अर्थ नाही. फोन म्हणजे हीटरची कॉइल नव्हे. बॅटरी किती भरली, किती तापली हे बघून तो करंट स्वतःच कमी-जास्त करतो. हे सूत्र केबलला लावून बघा, तिथे ते चपखल बसतं.

समजा यूएसबी मीटर चार्जरजवळ लावला तर ५ व्होल्ट दिसतात, फोनजवळ लावला तर ४.४, आणि करंट २ अँपिअर आहे. म्हणजे ०.६ व्होल्ट केबलनेच खाल्ले. केबलचा रोध ०.६ भागिले २, म्हणजे ०.३ ओहम. वाया गेलेली पॉवर ०.६ गुणिले २, म्हणजे १.२ वॅट. हाताला गरम लागते ती हीच. चार्जर १० वॅट देतोय, फोनला मिळतात ८.८.

वाया जाणारी पॉवर दुसऱ्या रीतीनेही काढता येते: करंट गुणिले करंट गुणिले रोध. करंट दोनदा येतो, खरी मेख तिथेच आहे. तीच १० वॅट ९ व्होल्टवर पाठवली तर जेमतेम १.१ अँपिअर पुरतो आणि त्याच केबलमध्ये नुकसान उरतं ०.३६ वॅट. फास्ट चार्जिंगमध्ये व्होल्टेज वाढवतात ते यासाठी.

आता हेच मोठ्या मापावर. ३१ डिसेंबर २०१३ला पॉवरग्रिडची रायचूर–सोलापूर ७६५ किलोव्होल्ट लाइन सुरू झाली आणि दक्षिण भारताचं ग्रिड उरलेल्या देशाच्या ग्रिडशी एकाच फ्रिक्वेन्सीवर जोडलं गेलं. त्याआधी या दोन ग्रिडमध्ये वीज डीसी दुव्यांतून जायची. सोलापूर ते कर्नाटकातलं रायचूर, एवढ्या लांब तारेचा रोध शून्य करणं शक्य नाही, मग करंट कमी करायचा. ४०० किलोव्होल्टऐवजी ७६५ किलोव्होल्टवर तेवढीच वीज पाठवली की करंट जवळपास निम्मा होतो आणि तेवढ्याच रोधाच्या तारेतलं नुकसान साडेतीन पटींहून जास्त घटतं. (लाइन तीन फेजची असल्याने करंट काढताना सूत्रात आणखी एक गुणक येतो, पण ही तुलना बदलत नाही.) बदल्यात टॉवर उंच लागतात, इन्सुलेटरच्या माळा लांब लागतात. फुकट काहीच नाही.

घरी करून बघायचं असेल तर यूएसबीपुरतंच करा. २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये मीटरचे प्रोब घालू नका. एकाच चार्जरवर दोन केबल लावा आणि दोन्ही टोकांचे आकडे लिहून घ्या. आखूड आणि जाड तारेची केबल बहुतेक वेळा जिंकते. आणि केबल मधे थंड असून फक्त पिनजवळ तापत असेल तर रोध तिथे आहे: पिन सैल झालीय किंवा फोनच्या पोर्टमध्ये धूळ बसलीय.