उपनगरातील आकाश आणि दुर्बिणीची मर्यादा

कार्तिक वद्य पक्षातील निरभ्र संध्याकाळ उपनगरातील निरीक्षकाला विशेष सोयीची असते. चंद्र उशिरा उगवतो, वायव्येस अभिजित अद्याप बराच वर असतो आणि ईशान्येकडे देवयानी चढत असते. अशा वेळी पुण्याच्या एखाद्या उपनगरात घराच्या परसदारी १५० मि.मी. व्यासाचा आरसा व १२०० मि.मी. केंद्रांतर असलेली परावर्ती दुर्बीण मांडली आहे आणि कुंपणापलीकडे रस्त्यावरचे दिवे लागले आहेत, अशी कल्पना करू. त्या दुर्बिणीतून दोन ज्योती पाहिल्यास जो विरोधाभास अनुभवास येतो, त्याचे कारण विशद करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पहिली ज्योती म्हणजे स्वरमंडलातील वलयाकार बिंबाभ्रिका. तिची एकूण प्रत ८.८, नुसत्या डोळ्यांना ती दिसणे अशक्यच. दुसरी म्हणजे देवयानी दीर्घिका. तिची एकूण प्रत ३.४, म्हणजे तिच्याकडून आपल्याला मिळणारा प्रकाश पहिलीच्या सुमारे १४५ पट. इ. स. ९६४ च्या सुमारास अल्-सूफी या ज्योतिर्विदाने दुर्बिणीवाचून तिची नोंद केली होती. असे असता, १० मि.मी. ची नेत्रिका लावून १२० पट विवर्धन साधताच अभ्रिकेचे कडे स्पष्ट दिसते. उलटपक्षी देवयानीच्या जागी मध्यभागी एक फिकट डाग तेवढा आढळतो. तिचे ३ अंशांहून अधिक पसरलेले बाह्यांग कितीही वेळ पाहिले तरी हाती लागत नाही. जिच्यापाशी प्रकाश अधिक, तीच अदृश्य व्हावी, हे कसे?

याचे उत्तर एकूण प्रकाशात नसून पृष्ठतेजात, म्हणजे दर चौरस विकलेमागे येणाऱ्या प्रकाशात आहे. अभ्रिकेचा प्रकाश सुमारे सव्वा कला रुंदीच्या बिंबात एकवटलेला असल्याने तिचे सरासरी पृष्ठतेज चौरस विकलेस सुमारे १८ प्रत भरते. देवयानीचा प्रकाश प्रचंड क्षेत्रावर विखुरलेला असल्याने तिचे पृष्ठतेज सुमारे २२ प्रत एवढेच उरते. खऱ्या अंधाऱ्या आकाशाचे स्वतःचे पृष्ठतेजही जवळपास २२ प्रत असते. उपनगरी आकाशाचे ते १९ प्रत धरू. ३ प्रतींचा हा फरक म्हणजे सुमारे १६ पट अधिक उजेड.

आता हिशेब सोपा आहे. अंधाऱ्या जागी पार्श्वभूमी १०० मानली, तर दीर्घिकेच्या जागी २०० एवढा उजेड येतो. हा भेद डोळा सहज ओळखतो. उपनगरात हेच प्रमाण १०० ला सुमारे १०६ एवढे होते. शिवाय ४८ पट विवर्धनातदेखील दीर्घिका दृष्टिक्षेत्राबाहेर पसरते. तुलनेसाठी तिची कडाच नजरेस पडत नाही. अभ्रिका मात्र उपनगरी आकाशाहूनही अडीच पट उजळ आहे.

दुर्बिणीने ही उणीव भरून निघेल, असा सर्वसाधारण समज असतो. तो ताऱ्यांपुरता खरा आहे. तारा हा बिंदू होय. वरील दुर्बीण त्याचा प्रकाश पूर्ण विस्फारलेल्या ७ मि.मी. बाहुलीच्या सुमारे ४६० पट गोळा करते आणि तो बिंदूतच ठेवते. ४८ पट विवर्धनात आकाशाचे पृष्ठतेज मात्र सुमारे एकपंचमांश होते. म्हणून हंसातील अल्बिरिओची सोनेरी व निळसर जोडी उपनगरातही तितकीच मोहक दिसते. विस्तृत ज्योतीच्या बाबतीत विवर्धन आकाशाला व दीर्घिकेला एकाच प्रमाणात मंद करते. आरसा दुप्पट व्यासाचा घेतला, तर दोहोंचा प्रकाश चौपट मिळतो. १०० ला १०६ हे प्रमाण तसेच राहते.

या तत्त्वाचा ऐतिहासिक दाखला देवयानीच्याच अभ्यासात आहे. दुसऱ्या महायुद्धात लॉस अँजेलिस शहराचे दिवे मंद केले गेले. तेव्हा माउंट विल्सन येथील १०० इंची दुर्बिणीने व तांबड्या प्रकाशास संवेदनशील काचांच्या साहाय्याने वॉल्टर बाडे यांनी देवयानीच्या गाभ्यातील तारे सुटे करून दाखविले आणि १९४४ मध्ये ताऱ्यांचे दोन समुदाय असल्याचे प्रतिपादन केले. तोवर जगातील सर्वांत मोठी असलेली दुर्बीणही अंधाराची ऋणी होती.

वर्णगाळणी हाही पूर्ण उपाय नव्हे. बिंबाभ्रिका ठराविक तरंगलांबींवर प्रकाशते. तेवढ्याच तरंगलांबी जाऊ देणारी गाळणी तिला उपकारक ठरते. दीर्घिकेचा प्रकाश हा ताऱ्यांचा, म्हणून अखंड वर्णपटाचा. रस्त्यांवरील नव्या पांढऱ्या एलईडी दिव्यांचा वर्णपटही अखंडच. त्यामुळे एक अडवावा तर दुसराही अडतो. त्यात निळा अंश अधिक असल्यास हवेच्या रेणूंकडून त्याचे प्रकीर्णनही अधिक होते.

ही हानी स्थिर नाही. मुख्यतः युरोप व उत्तर अमेरिकेतील निरीक्षकांनी २०११ ते २०२२ या काळात नुसत्या डोळ्यांनी केलेल्या ५१,००० हून अधिक नोंदींवरून आकाशाचा उजेड वर्षाला सरासरी ९.६ टक्के वाढल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. या गतीने तो आठ वर्षांच्या आत दुप्पट होतो.

यावरून विद्यार्थ्यांनी दोन निष्कर्ष ध्यानी घ्यावेत. परसदारच्या निरीक्षणासाठी ग्रह, युग्मतारे, रूपविकारी तारे व लहान बिंबाभ्रिका निवडाव्यात. तेथे उपनगर फारसे आड येत नाही. दीर्घिकांसाठी मात्र अधिक मोठ्या आरशावर खर्च करण्यापूर्वी अंधाऱ्या जागेपर्यंतच्या प्रवासाचा विचार करावा. नागपूरच्या उत्तरेकडील पेंच व्याघ्र प्रकल्पास जानेवारी २०२४ मध्ये अंधाऱ्या आकाशाचे उद्यान म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली, ती याच दृष्टीने मोलाची आहे. आणि परसापुरते बोलायचे, तर रस्त्यावरच्या दिव्यास वरून झाकण बसले व त्याचा उजेड केवळ जमिनीवर पडला, तर देवयानीच्या त्या १०६ मध्ये जी भर पडेल, ती कोणताही आरसा घालू शकणार नाही.