पुस्तकातले उदाहरण चालेनासे होते तेव्हा

अंकगणिताच्या पुस्तकात प्रकरणाच्या आरंभी एक सोडवून दाखविलेले उदाहरण असते. मूल नियम वाचीत नाही; ते उदाहरण पाहते आणि त्याच्या साच्यात पुढची गणिते बसविते. संगणकाची भाषा शिकणारा प्रौढ मनुष्यही याहून निराळे काही करीत नाही. पुस्तकातले चार ओळींचे उदाहरण तो जसेच्या तसे टंकतो, उत्तर जुळले की त्यात आपले आकडे घालतो आणि कामाला लागतो. मात्र त्रैराशिकाचे उदाहरण शंभर वर्षांनीही तसेच सुटते. संगणकाच्या भाषेतले उदाहरण पाचदहा वर्षांत मोडू शकते, कारण पुस्तक छापून स्थिर होते आणि भाषा पुढे चालत राहते.

अशा मोडलेल्या उदाहरणांची दुरुस्ती कशी करावी, हा आजचा आमचा विषय आहे. बोलणे हवेत राहू नये म्हणून आम्ही एकच भाषा डोळ्यांपुढे ठेवतो. तिचे नाव ऑक्टेव्ह. हे नाव ऐकून कोणास संगीतातले सप्तक आठवेल, पण संगीताशी तिचा काही संबंध नाही. रासायनिक भट्ट्यांची आखणी शिकविणाऱ्या एका पाठ्यपुस्तकाला जोड म्हणून १९८८ च्या सुमारास अमेरिकेत तिची कल्पना निघाली. जॉन ईटन यांनी १९९२ मध्ये तिचे काम पूर्ण वेळ हाती घेतले आणि १९९४ मध्ये पहिली आवृत्ती बाहेर पडली. ईटन यांचे एक प्राध्यापक ऑक्टेव्ह लेव्हेनस्पील हे लिफाफ्याच्या पाठीवर अदमासे उत्तर काढण्यात वाकबगार होते. त्यांच्यावरून हे नाव पडले. या भाषेतल्या आज्ञा इंटरप्रिटर, म्हणजे एक प्रकारचा दुभाषा, एकेक करून वाचतो आणि तिथल्या तिथे पार पाडतो. ती कोणासही विनामूल्य मिळते.

मोडलेली उदाहरणे दोन जातींची असतात. काही ओरडतात. एखाद्या आज्ञेचे नाव बदलले किंवा ती काढून टाकली, तर दुभाषा तांबड्या अक्षरांत तक्रार करतो. शिकणारा घाबरतो, बहुधा स्वतःलाच दोष देतो. पण दुरुस्ती सोपी असते. कधी उत्तर तेच असते आणि छापण्याची ढब तेवढी बदलते. पायथन भाषेतील नमपाय या संचाने २०१८ मध्ये आकड्यांमधली मोकळी जागा कमी केली, तेव्हा पुस्तकातले उत्तर अक्षरशः ताडून पाहणाऱ्या कितीतरी तपासण्या नापास झाल्या. गणित कोठेच चुकले नव्हते.

दुसरी जात गप्प राहते, आणि आमच्या मते खरी काळजी तिचीच केली पाहिजे. एक आडवी ओळ घ्या: १, २, ३. एक उभी ओळ घ्या: १०, २०, ३०. यांची बेरीज करा म्हटले तर २०१२ पूर्वीचे ऑक्टेव्ह स्वच्छ नकार देई, कारण मापे जुळत नाहीत. त्या वर्षीच्या ३.६ आवृत्तीपासून ते आडव्या ओळीतला प्रत्येक आकडा उभ्या ओळीतल्या प्रत्येक आकड्यात मिळवून ११ पासून ३३ पर्यंत नऊ आकड्यांचा चौकोन देऊ लागले. सोय मोठी झाली. परंतु 'येथे चूक दाखविली जाईल' असे सांगणारे जुने उदाहरण आता बिनतक्रार चालते. ज्याला ११, २२, ३३ हे तीनच आकडे हवे होते, त्याची एकूण बेरीज ६६ ऐवजी १९८ होते. आणि गंमत अशी की सरासरी मात्र दोन्हीकडे २२ च येते! नुसती सरासरी पाहणाऱ्याला काही बिघडले आहे याचा सुगावा लागणार नाही.

याहून फसवे उदाहरण पाहू. एखादा पदार्थ विरघळून नाहीसा होत आहे, आणि जितका उरला तितक्याच वेगाने तो घटतो. आरंभी माप १ असेल, तर एकक काळानंतर ०.३६७९ उरते. ऑक्टेव्हमध्ये हे गणित एलसोड या आज्ञेने सोडविता येते. हिला घटण्याचा नियम सांगताना आधी पदार्थाचे माप आणि मग काळ, असा क्रम ठेवावा लागतो. मॅटलॅब या नात्यातल्या भाषेत एलसोड नाही. तेथे ओडीई४५ ही आज्ञा आहे, आणि ती २०१६ पासून ऑक्टेव्हमध्येही आली. तिचा क्रम उलटा: आधी काळ, मग माप.

समजा, एलसोडचे उदाहरण मॅटलॅबमध्ये चालेना म्हणून कोणी दुरुस्तीस बसला. त्याने आज्ञेचे नाव बदलले. पुन्हा तक्रार आली, कारण आरंभीचे माप आणि कालावधी यांच्या जागाही या दोन आज्ञांत उलट आहेत. त्याने त्याही बदलल्या. तक्रार थांबली, गुळगुळीत वक्र उमटला, आणि दुरुस्ती झाली असे त्याने मानले. पण आतल्या नियमातला क्रम तसाच राहिला. नियमाला वाटते आपल्याला माप मिळाले. प्रत्यक्षात त्याच्या हाती काळ पडलेला असतो. आता पदार्थ उरलेल्या मापाच्या प्रमाणात न घटता गेलेल्या काळाच्या प्रमाणात घटतो, आणि एकक काळानंतर उत्तर येते ०.५. हे दिसायला काय वाईट आहे? नवे उत्तर पुस्तकात छापले की चूक पक्की झाली, आणि तिच्या साच्यात उद्या कोणी औषधाच्या मात्रेचा हिशेब बसवील.

मग ही चूक ओळखावी कशी? येथे लिफाफ्याची पाठ उपयोगी पडते. काळ दुप्पट करून पाहा. खरे उत्तर ०.१३५३ च्या आसपास यावयास हवे. हे उदाहरण सांगते उणे १. एकाचा पदार्थ विरघळून उणे एक कसा होईल? एवढा प्रश्न विचारावयास संगणकाची विद्या लागत नाही.

म्हणून दुरुस्ती करणाऱ्याने प्रथम उदाहरण ज्या आवृत्तीसाठी लिहिले तिच्यावर ते चालवून पाहावे, म्हणजे लेखकाला काय दाखवावयाचे होते ते कळते. मग उदाहरण इतके लहान करावे की उत्तर हाताने काढता येईल. यंत्राने आज दिलेले उत्तर उचलून जुन्याच्या जागी चिकटविणे ही दुरुस्ती नव्हे; त्याने उदाहरण आणि यंत्र यांचे एकमत होते, इतकेच. ओळींच्या बेरजेचे उदाहरण तर आकडे बदलून सुधारतच नाही; तेथे आजूबाजूचा परिच्छेदच नव्याने लिहावा लागतो. कधी उदाहरण बरोबर आणि दुभाषाच चुकलेला, असेही निघते, आणि तेव्हा पुस्तकाला हात न लावता दुभाषा रचणाऱ्यांना कळवावे.

शेवटी उदाहरणाच्या शेजारी तपासणीची ओळ लिहून ठेवावी. ऑक्टेव्हमध्ये टक्क्याचे आणि उद्गाराचे चिन्ह एकापुढे एक घालून अशी ओळ आज्ञेच्या फायलीतच ठेवता येते, आणि प्रत्येक नव्या आवृत्तीवर ती चालविता येते. ती लिहिताना फार ताठर राहून चालत नाही. दशांश अपूर्णांक यंत्र दुमान पद्धतीने साठविते, त्यामुळे ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३ आहे काय असे विचारले तर ते 'नाही' म्हणते. फरक सोळा शून्यांनंतर कोठेतरी असतो. शिवाय ओडीई४५ स्वभावतःच अदमासे उत्तर देते. पदार्थाच्या उदाहरणात ०.३६७९ पासून एक सहस्रांशाची सूट दिली, तर प्रामाणिक उत्तर पास होते आणि ०.५ दारातच अडते.