एकट्या माणसाचे शेंगोळे



घरात पाहुणे आले की पुरणावरणाचा स्वयंपाक होतो. पाच-सात माणसांच्या घरात भाकरी-भाजी रोजची असते. पण घरात एकच माणूस उरले तर? मग “एकट्यासाठी कुठे पीठ मळायचे?” असे म्हणून चहा-टोस्टवर रात्र काढली जाते. अशा एकट्या माणसासाठी एका वाडग्यात होणारे गरम जेवण आज सांगतो. पदार्थ नवा नाही, तुमच्या-माझ्या आजीचाच आहे. तो म्हणजे शेंगोळे. हाताने वळलेल्या पिठाच्या जाड शेवया आणि त्यांचाच झणझणीत रस्सा.

नोकरीच्या सुरुवातीला मी पूर्णा तालुक्यातल्या ताडकळसला खोली घेऊन राहत होतो. लग्न व्हायचे होते. दिवसभर शिवारात कापूस-ज्वारी पाहत फिरायचे आणि रात्री फरसाणाची पुडी सोडायची. घरमालकीण काकूंनी आठवडाभर हे पाहिले आणि एका संध्याकाळी विचारले, “रोज हेच खातोस का रे?”

मी म्हणालो, “एकट्याला काय लागतंय, काकू?”

“भूक काय माणसं मोजून लागती का?” असे म्हणत त्यांनी परात पुढे ओढली आणि मला शेंगोळे वळायला बसवले.

या गोष्टीला तीस वर्षे होत आली. गेल्या पौषात ताडकळसला गेलो तेव्हा काकूंकडे डोकावलो. काका वारले, मुले पुण्याला. काकूंनी पंच्याहत्तरी गाठलेली. चूल थंड होती आणि फडताळात टोस्टचा पुडा. जेवणाचे विचारले तर म्हणाल्या, “एकट्या जिवाला काय लागतंय, लेकरा?”

माझेच शब्द माझ्याकडे परत आले होते. त्या संध्याकाळी परात मी ओढली. काकू बाजेवर बसून माझ्या चुका काढत होत्या. तेव्हा एका माणसाचे जे माप बसवले, तेच खाली देतो.

चार-दोन-एकचे पीठ

एकट्या माणसाला कंटाळा येतो तो तीन डबे उघडण्याचा. म्हणून पीठ आधीच मिसळून ठेवा. ज्वारीचे पीठ चार वाट्या, हुलग्याचे दोन वाट्या आणि गव्हाचे एक वाटी. हुलगे निवडून, मंद आचेवर भाजून मग दळावेत. हुलगे नसतील तर बेसन चालेल. एवढ्या पिठात आठ वेळची सोय होते. एका वेळेला बोटभर उणी अशी एक वाटी पीठ घ्यावे. ज्वारीचे पीठ फार दिवस ठेवले की कडसर लागते, म्हणून पंधरा दिवसांपेक्षा जास्त साठवू नका.

हे प्रमाण का? ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो. नुसत्या ज्वारीचे शेंगोळे उकळत्या पाण्यात फुटतात. गव्हाने पीठ धरून राहते. हुलगा प्रथिने देतो. शंभर ग्रॅम हुलग्यात सुमारे 22 ग्रॅम प्रथिने असतात, ज्वारीत सुमारे 10. धान्यातल्या प्रथिनांत जे उणे असते ते डाळवर्गातून भरून निघते. आपल्या आज्यांनी हे पुस्तकात वाचले नव्हते, पण परातीत मात्र बरोबर मिसळले होते.

एका माणसासाठी कृती

लसणाच्या सहा पाकळ्या, अर्धा चमचा जिरे आणि दोन हिरव्या मिरच्या जाडसर कुटा. यातले अर्धे वाटण, चिमूटभर हळद आणि मीठ पिठात घाला. कढत पाणी थोडे थोडे घालून पीठ घट्ट मळा. कढत पाण्याने ज्वारीचे पीठ आवळून येते. पाच मिनिटे झाकून ठेवा.

तळहाताला तेलाचे बोट लावून पिठाच्या करंगळीपेक्षा बारीक वळ्या करा. टोके जोडून कडी केली तर दिसायला छान, नाहीतर बोटभर लांबीचे तुकडे ठेवा. चव तीच. सुपारीएवढे पीठ बाजूला राहू द्या.

पातेल्यात दोन चमचे तेल तापवून मोहरीची फोडणी करा. उरलेले वाटण लाल होईपर्यंत परता, थोडी हळद घाला आणि साडेतीन वाट्या पाणी ओता. घरात येसर असेल तर अर्धा चमचा टाका. पाण्याला खळखळून उकळी आल्यावरच शेंगोळे एकेक करून सोडा. गार पाण्यात सोडले तर लगदा होतो, आणि नव्या माणसाची चूक नेमकी इथेच होते. पहिली चार मिनिटे पळी लावू नका. नंतर आच मध्यम करा आणि अर्धवट झाकण ठेवून बारा-पंधरा मिनिटे शिजू द्या.

एक शेंगोळा मोडून पाहा. मध्ये कोरडे पांढरे पीठ दिसले तर अजून शिजायला हवा. बाजूला ठेवलेले पीठ पाण्यात कालवून रश्श्यात सोडा, म्हणजे रस्सा दाट होतो. शेवटी चमचाभर शेंगदाण्याचा कूट आणि मूठभर मेथी किंवा शेवग्याचा पाला घालून दोन उकळ्या आणा. दात नसलेल्यांसाठी तुकडे लहान करून पाच मिनिटे जास्त शिजवा. रक्तदाब असेल तर मीठ बेताने.

वाडग्यात वाढल्यावर लिंबू पिळायला विसरू नका. लिंबाने धान्यातले लोह अंगी लागायला मदत होते. उलट, जेवणाबरोबर घेतलेला चहा त्या लोहाला अडवतो. चहा तासभर पुढे ढकला.

ज्वारीची आठवण

सोयाबीन आले आणि आपल्या शिवारातली ज्वारी मागे सरली. पण ज्वारीवरचे काम थांबलेले नाही. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने हैदराबादजवळच्या ‘इक्रिसॅट’ संस्थेबरोबर काम करून 2018 साली ‘परभणी शक्ती’ हे वाण दिले. त्याच्या दाण्यात लोह आणि जस्त नेहमीच्या ज्वारीपेक्षा जास्त आहे. खरिपात घरच्या खाण्यापुरत्या चार ओळी लावायला हरकत नाही.

भरडधान्याच्या शेवया म्हणजे गरिबाचे खाणे, असेही कोणी समजू नये. चीनमधल्या लाजिया गावी उत्खननात पालथ्या पडलेल्या एका वाडग्याखाली सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या शेवया सापडल्या. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत त्या राळ्यासारख्या भरडधान्याच्या असल्याचे आढळले. दुकानातली नूडल्सची पुडी तर कालपरवाची. एखाद्या दिवशी ती खाल्ली तर बिघडत नाही, पण मैदा आणि मीठ हे रोजचे जेवण नव्हे.

त्या दिवशी काकूंनी वाडगा पुसून खाल्ला आणि म्हणाल्या, “मीठ कमी पडलं रे.” निघताना पिठाचा डबा भरून ठेवला. आता शेजारची सून गिरणीत जाते तेव्हा त्यांचे हुलगेही दळून आणते.

तुमच्या गल्लीतही असे एखादे घर असेल. मुले शहरात आणि मागे एकटी म्हातारी किंवा म्हातारा. “जेवलात का?” एवढेच विचाराल तर “हो” असेच उत्तर येईल. म्हणून “काय जेवलात?” असे विचारा. आणि पुढच्या वेळी गिरणीत जाल तेव्हा सात वाट्या पीठ त्यांच्यासाठी जास्त दळून आणा.