चैत्रात गड, पौषात त्र्यंबक: पायी निघायचं तर कधी?

पायी वारीला कोणता ऋतू बरा, असं खान्देशात विचाराल तर उत्तरात तिथी ऐकायला मिळेल. ऋतू देवानं आणि शेतीनं आधीच ठरवून ठेवलाय. आपण फक्त चप्पल घालायची की अनवाणी जायचं, एवढंच ठरवायचं.

जळगाव-धुळ्याच्या पायी वाटांवर सर्वात मोठी गर्दी कधी होते? चैत्रात! भुसावळचा पारा बातम्यांत झळकायला लागतो, नेमके तेच दिवस. रामनवमी ते चैत्र पौर्णिमा सप्तशृंगी गडावर चैत्रोत्सव असतो आणि तो मुख्यतः खान्देशाचा. खान्देश हे देवीचं माहेर, त्यामुळे चैत्रात गडावर माहेरची माणसं येतात, अशी श्रद्धा आहे. धुळ्याहून मालेगाव, कळवण, नांदुरीमार्गे गड सुमारे दीडशे किलोमीटर. जळगावकरांना धुळ्यापर्यंतच नव्वदेक किलोमीटर तुडवावे लागतात. म्हणजे त्यांची एकूण चाल आळंदी-पंढरपूर वारीच्या, अडीचशे किलोमीटरच्या घरात जाते. फरक इतकाच की तिकडे आषाढसरी असतात आणि इकडे तापलेलं डांबर.

मग शहाण्या माणसांनी हा महिना का धरला? कारण शेत मोकळं असतं. गहू, हरभरा, दादर ज्वारी घरात आलेली असते, कापसाचा हिशेब झालेला असतो आणि आखाजी अजून अठरा दिवसांवर असते. आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, हे खान्देशच्या शेतीचं नवं वर्ष. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या शेतगड्याचं, साल तिथून सुरू होतं. जुनं साल संपतंय, नवं लागायचंय, अशा फटीत गड बसवलेला आहे. हवामान खात्याला विचारून बसवलेला नाही, हे मात्र खरं.

उन्हावरचा तोडगा त्याच तिथीत दडलाय. गडाच्या वाटेवरचे दिवस शुद्ध पक्षातले. संध्याकाळी ऊन उतरलं की चंद्र आभाळात हजर असतो आणि रोज मोठा होत जातो. जाणती मंडळी म्हणूनच पहाटे आणि रात्री चालतात. दुपार झाडाखाली, शाळेच्या ओट्यावर, ताकाचा पेला हातात घेऊन काढायची. रात्रीच्या चालण्याला एकच मोठा धोका: धुळे-मालेगाव हा मुंबई-आग्रा महामार्ग आहे आणि तिथल्या ट्रकला चांदण्यात काही रस नसतो. पाठीवर चमकणारी पट्टी लावा, तीही देवीचीच सेवा समजा.

पौषात नेमकं उलटं. निवृत्तिनाथांची त्र्यंबकेश्वरची यात्रा पौष वद्य एकादशीला. वाट वद्य पक्षातली, त्यामुळे संध्याकाळी अंधार आणि पहाटे चारला उठलं की आभाळात चंद्र हजर. ज्यानं कुणी या तिथ्या नेमल्या, तो स्वतः पायी चालणारा असावा असा मला दाट संशय आहे. थंडी मात्र खरीखुरी. धुळ्याचा पारा जानेवारीत पाच-सहा अंशांपर्यंत घसरतो. पण हेच दिवस भरताच्या वांग्यांचे, आणि कळण्याच्या भाकरीवर भरीत पडलं की पहाटेच्या गारठ्याची तक्रार कोण करतो?

लांब पल्ल्याचा मान संत मुक्ताईंकडे. मुक्ताईनगरहून (जुनं नाव एदलाबाद) निघणारी पालखी बुलढाणा, जालना, बीड असा महिनाभराचा रस्ता तुडवत आषाढीला पंढरपूर गाठते. ज्येष्ठात निघताना घामाच्या धारा, पुढे पावसाच्या. एकाच वारीत दोन ऋतू मिळतात, वेगळे पैसे नाहीत. २०२० मध्ये कोरोनामुळे पादुका बसनं गेल्या आणि महिन्याची वाट एका दिवसात उरकली. वारकऱ्यांना तो वेग अजिबात आवडला नव्हता.

मुक्ताई गुप्त झाल्या त्या १२९७ मध्ये, वैशाख वद्यात, तापीकाठी मेहूणला, कडाडलेल्या विजेत, अशी परंपरा आहे. खान्देशात वैशाखाचा शेवट म्हणजे वळवाचे, विजांचे दिवस. केळीच्या बागा आडव्या होतात त्याही याच वादळांनी. कथेतलं हवामान पंचांगाशी चोख जुळतं.

अमळनेरच्या सखाराम महाराजांची यात्रा भर वैशाखात भरते आणि भरते कुठे, तर बोरी नदीच्या पात्रात! आषाढात ठेवली असती तर होड्या लागल्या असत्या.

आता पंचांगाची गंमत. २०२६ मध्ये चैत्र पौर्णिमा २ एप्रिलला, २०२७ मध्ये २० एप्रिलला. तिथी तीच, पण मधल्या अधिक ज्येष्ठानं ती अठरा दिवस पुढे ढकलली, आणि खान्देशात एप्रिलचे अठरा दिवस म्हणजे थट्टा नव्हे. तरी आपलं बरं आहे. आपले सण घसरतात, पण अधिक मासामुळे परत जागेवर येतात. हजच्या चांद्र पंचांगात अधिक महिना नसल्यानं ती यात्रा सुमारे तेहेतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येते. स्पेनमधल्या सांतियागोच्या पायी वाटेचा मोठा दिवस मात्र इंग्रजी तारखेला बांधलेला, २५ जुलै. २०२६ मध्ये आषाढी एकादशीही नेमकी २५ जुलैलाच येते. तिकडे संत याकोब, इकडे विठोबा, गर्दी दोन्हीकडे.

नर्मदा परिक्रमेनं ऋतूचा प्रश्न सरळ नियमानं सोडवलाय: चातुर्मासात चालायचं नाही. कार्तिकी एकादशीनंतर परिक्रमावासी निघतात आणि दक्षिण तीरावरचे बरेचजण शहादा, प्रकाशा, तळोदा असे नंदुरबार जिल्ह्यातून जातात. कोजागरीला गडावर पोहोचणारे कावडीवाले त्याच्याही आधीचे. तापी-नर्मदेचं पाणी खांद्यावर घेऊन ते देवीच्या अभिषेकासाठी आणतात. पाऊस नुकताच सरलेला, वाटेकडेची शेतं हिरवी, नद्यांना पाणी. डोळ्यांना सर्वात सुंदर वाट हीच. पण ऑक्टोबरचं ऊन आणि खांद्यावर भरलेली कावड हे नवख्याचं काम नाही.

नवख्यांसाठी माझा कौल माघाला. माघ वद्य एकादशी ते महाशिवरात्र मुक्ताई-चांगदेव यात्रा असते. खान्देश, विदर्भ, मध्य प्रदेशातून दिंड्या पायी येतात आणि तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाचं दर्शन घेऊनच परततात. थंडी ओसरलेली, ऊन अजून तापलेलं नाही, रस्ते कोरडे. ज्या चांगदेवांना चौदाशे वर्षं जगूनही मुक्ताईचं शिष्यत्व पत्करावं लागलं असं सांगतात, त्यांच्या दारात नवख्यानं लाजायचं कारणच नाही. आधी ही यात्रा करून पायांचा अंदाज घ्या. मग गड. आणि २०२७ च्या चैत्रात निघालात, तर सकाळी दहाच्या आत मुक्काम गाठा आणि संध्याकाळी पाचच्या आधी पुढचं पाऊल टाकू नका.