रीडिंग कोणाच्या सहीचं?

मित्रांनो, ऊर्जानगरात लहानाचं मोठं झालेल्या पोराला दोन गोष्टी वेगळ्या शिकवाव्या लागत नाहीत. एक म्हणजे अंधार पडल्यावर झुडपाकडच्या रस्त्याने एकट्याने जायचं नाही, कारण तिकडे बिबट्या असतो. दुसरी म्हणजे रीडिंग. आमच्या कॉलनीतल्या निम्म्या घरांतले बाबा शिफ्टमध्ये जातात आणि दर तासाला लॉगशीटवर आकडे लिहून खाली सही करतात. माझे बाबाही त्यातलेच. घरी गॅस सिलेंडर लावला तरी ते कॅलेंडरवर तारीख टाकतात. लहानपणी आम्ही दोघं भाऊ ह्या सवयीला हसायचो. मागच्या वर्षी ह्याच सवयीने आमच्या घराचे बरेच पैसे वाचवले. ती गोष्ट तुम्हाला सांगायची आहे, कारण तुमच्यापैकी बरेच जण दोन-तीन वर्षांत पुण्या-बंगलोरला नोकरीला लागणार आणि पहिल्या पगारात गाडीची स्वप्नं बघणार.

दादा पुण्याला नोकरीला. त्याने गाडी विकत न घेता लीजवर घेतली. आधी ह्यातला फरक समजून घेऊ, कारण गोंधळ इथूनच सुरू होतो.

बँकेचं कर्ज काढून गाडी घेतली, तर गाडी तुमची असते. आरसीवर बँकेच्या तारणाची नोंद असते एवढंच. तुम्ही ती दिवसाला पाचशे किलोमीटर पळवा, बँक विचारणार नाही. कर्ज मुदतीआधी फेडलं तर प्रश्न येतो तो फोरक्लोजर चार्जचा. इथे एक नियम माहीत असू द्या. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर झालेलं बदलत्या व्याजदराचं वैयक्तिक कर्ज लवकर फेडलं, तर त्यावर असा चार्ज लावता येत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पण कारकर्ज बहुतेक वेळा स्थिर दराचं असतं. त्यावर चार्ज लागू शकतो, मात्र तो मंजुरीपत्रात आधीच लिहिलेला असला पाहिजे. कर्ज फिटलं की बँकेकडून एनओसी आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ घ्यायचा आणि आरटीओत जाऊन ती नोंद काढायची. पुष्कळ लोक हे विसरतात आणि गाडी विकायच्या दिवशी पळापळ करतात.

लीजचं तसं नाही. तिथे गाडी कंपनीची, तुम्ही फक्त वापरणारे. मुदत संपली की कंपनी ती परत घेणार आणि विकणार. जास्त पळालेल्या गाडीला बाजारात कमी भाव येतो, म्हणून किलोमीटरची मर्यादा. आपल्या विजेच्या बिलाशी तुलना करा. बिलात स्थिर आकार असतो आणि युनिटप्रमाणे वीज आकार असतो. लीजचा मासिक हप्ता म्हणजे स्थिर आकार, फक्त त्यात काही युनिटं आधीच धरलेली. त्यावर गेलात की दर किलोमीटरला पैसे.

दादाचा करार असा होता: मुदत ३६ महिने, हप्ता २१,००० रुपये, अनामत ४२,०००, एकूण मर्यादा ३६,००० किलोमीटर, त्यावर प्रत्येक किलोमीटरला ८ रुपये. करार मध्येच सोडला तर तीन हप्त्यांइतकी रक्कम, म्हणजे ६३,०००. (सगळीकडे जीएसटी वेगळा, तो इथे धरत नाही.) पुण्यात ऑफिस ते फ्लॅट अशा वापराला वर्षाला १२,००० किलोमीटर भरपूर होते.

पण वर्ष उलटायच्या आत बाबांचं हृदयाचं ऑपरेशन निघालं. ऑपरेशन नागपूरला, दादा पुण्याला, आणि इकडे आई आणि मी. दादाने गाडी काढली. पुण्याहून इथे येऊन बाबांना नागपूरला न्यायचं, आणायचं, परत पुण्याला जायचं. एका फेरीला १,६०० च्या वर किलोमीटर. अशा चार फेऱ्या झाल्या. शेवटी दादाने नागपूरलाच नोकरी धरली. १५ महिन्यांनी लीज बंद करायचं ठरवलं, आणि कंपनीचा माणूस नागपूरला येऊन गाडी घेऊन गेला.

दहा दिवसांनी बिल आलं. मुदतपूर्व समाप्तीचे ६३,००० होते, ते अपेक्षितच होते. पण त्याखाली अजून एक ओळ होती: 'जादा किलोमीटर ७,३१०, दर ८, एकूण ५८,४८०.' कंपनीने हिशोब असा केला होता की १५ महिन्यांची मर्यादा १५,०००, आणि गाडीचं रीडिंग २२,३१०.

दादा हादरला. नवी नोकरी, हॉस्पिटलचा खर्च नुकताच झालेला. तो म्हणाला, भरून टाकू, नाहीतर सिबिल खराब करतील. बाबा तेव्हा रजेवर घरीच होते. त्यांनी चष्मा लावून बिल दोनदा वाचलं आणि एकच प्रश्न विचारला, "कारे, हे रीडिंग कोनी घेतलं? सही कोनाची आहे याच्यावर?"

कोणाचीच नव्हती!

तिथून आमचा अभ्यास सुरू झाला. (सबमिशनसाठी एवढा केला असता तर डिस्टिंक्शन आली असती. असो.) ह्या अभ्यासातून मला जे समजलं ते तीन प्रश्नांत मावतं. जादा किलोमीटरचं कोणतंही बिल आलं की हे तीन प्रश्न लेखी विचारायचे.

पहिला प्रश्न: किलोमीटर नक्की किती?

आम्ही कागद काढले. डिलिव्हरीच्या दिवशी गाडीचं रीडिंग शून्य नव्हतं, ४६ होतं. शोरूमपर्यंतची ये-जा त्यात होती. नागपूरला गाडी दिली तेव्हाच्या चेकलिस्टवर २१,५९० लिहिलं होतं आणि खाली दादाची व नेणाऱ्याची, दोघांची सही होती. मग बिलात २२,३१० कुठून आलं? उत्तर दादाच्या मोबाईलमध्येच सापडलं. फास्टॅग अजून त्याच्याच खात्याला जोडलेला होता, आणि गाडी दिल्यानंतर त्या रात्री व दुसऱ्या दिवशी टोल कापल्याचे मेसेज आले होते. त्या वेळी त्याने वैतागून फास्टॅग बंद केला, पण मेसेज पुसले नव्हते हे नशीब. म्हणजे कंपनीचा माणूस गाडी पुण्याच्या यार्डपर्यंत चालवत घेऊन गेला, आणि ते ७२० किलोमीटरही आमच्याच नावावर लागले. ७२० आणि ४६ मिळून ७६६ किलोमीटर, म्हणजे ६,१२८ रुपये फक्त रीडिंगच्या घोळाचे.

माझ्या रूममेटने इथे एक इंजिनिअरिंगचा मुद्दा काढला. ओडोमीटर रस्ता मोजत नाही, चाकाचे फेरे मोजतो. टायर झिजला की त्रिज्या कमी होते आणि तेवढ्याच अंतराला फेरे जास्त होतात. ३०० मिलीमीटर त्रिज्येत ५ मिलीमीटर झीज धरली तर फरक दीड टक्क्याच्या थोडा वर जातो. मुद्दा बरोबर आहे, पण आम्ही तो वापरला नाही. करारात 'ओडोमीटरचं रीडिंग' असंच लिहिलेलं होतं, आणि बळकट मुद्द्यांच्या शेजारी कच्चा मुद्दा ठेवला की समोरचा त्यालाच धरून बसतो.

दुसरा प्रश्न: कोणत्या कलमाखाली?

करार पूर्ण वाचला. जादा किलोमीटरचं कलम म्हणत होतं की मुदतीअखेर एकूण ३६,००० वर जे जातील त्याचे पैसे. मध्येच करार सोडला तर मर्यादा महिन्यांच्या प्रमाणात कमी होईल, असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. कंपनीचं म्हणणं, ते गृहीतच आहे. खरं सांगायचं तर त्यात अजिबात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. कोणी सहा महिन्यांत ३६,००० किलोमीटर गाडी पिदडून परत केली तर कंपनीने काय करायचं? पण करार कंपनीने छापलेला, वकील त्यांचे. गृहीत धरलेली गोष्ट लिहायला त्यांना कोणी अडवलं नव्हतं.

तिसरा प्रश्न: नुकसान किती झालं?

हा सगळ्यात महत्त्वाचा. भारतीय करार कायदा १८७२, कलम ७४. करार मोडल्याबद्दल जी रक्कम ठरवलेली असते ती कमाल मर्यादा असते. प्रत्यक्षात वाजवी भरपाईच मिळते. सुप्रीम कोर्टाने १९६३ मध्ये फतेहचंद विरुद्ध बालकिशन दास आणि २०१५ मध्ये कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध डीडीए ह्या निकालांत हे स्पष्ट केलं आहे. नुकसान मोजणं अवघड असेल तिथे आधीच प्रामाणिक अंदाजाने ठरवलेली रक्कम मिळू शकते, हेही त्यात आहे. आमचा मुद्दा साधा होता. गाडी लवकर परत आल्यामुळे कंपनीचं जे नुकसान व्हायचं त्यासाठी ६३,००० घेतलेच आहेत. गाडीची घसरलेली किंमतही त्यातच आली. मग त्याच किमतीसाठी परत किलोमीटरचे पैसे म्हणजे एकाच खड्ड्यावर दोनदा मुरूम टाकल्याचं बिल!

ब्रिटनमध्ये हाच वाद वेगळ्या रूपात चालतो. तिथल्या १९७४ च्या कन्झ्युमर क्रेडिट अ‍ॅक्टप्रमाणे हायर-पर्चेसवर घेतलेली गाडी ग्राहक मध्येच परत करू शकतो. एकूण किमतीच्या निम्मी रक्कम भरली गेली आणि गाडी नीट सांभाळली, की तो मोकळा. त्या कलमांत मैलांचा उल्लेख नाही, पण कंपन्या करारात मैलांची मर्यादा घालतात आणि जादा मैलांचं बिल पाठवतात. आपल्याकडेही १९७२ साली हायर-पर्चेस कायदा संसदेने केला होता, त्यात मध्येच करार संपवायचा हक्क होता. पण तो कधी अंमलात आलाच नाही आणि २००५ साली रद्द झाला. म्हणून आपल्याला करार कायदा आणि ग्राहक कायदा ह्यांचाच आधार.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मात्र बऱ्यापैकी धारदार आहे. कलम २(४६) मध्ये 'अनुचित करार' म्हणजे काय ते सांगितलं आहे. नुकसानीच्या मानाने फारच मोठा दंड किंवा ग्राहकावर लादलेला अवाजवी आकार ह्या दोन्ही गोष्टी त्यात येतात. करारच अनुचित आहे अशी तक्रार राज्य आयोगाकडे करावी लागते. सेवेतली त्रुटी किंवा अनुचित व्यापारी प्रथा असेल (चुकीच्या रीडिंगवर बिल लावणं तसंच झालं) तर जिल्हा आयोग पुरतो. तक्रार तुम्ही राहता तिथे करता येते, दोन वर्षांच्या आत. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. करारात 'वाद फक्त मुंबईत' किंवा 'लवादाकडेच' असं छापलेलं बघून घाबरू नका. लवादाच्या कलमामुळे ग्राहक आयोगाचा रस्ता बंद होत नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये एमार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग ह्या प्रकरणात म्हटलं आहे.

आता आम्ही काय केलं ते क्रमाने सांगतो. जे मान्य होतं ते लगेच भरलं: ६३,००० मधून अनामतीचे ४२,००० वजा करून २१,०००. सोबत ईमेल, की ५८,४८० ची रक्कम अमान्य आहे, वाद लेखी कळवला आहे, तो मिटेपर्यंत ही थकबाकी म्हणून सिबिलला कळवू नये. चेकलिस्टचा फोटो, सर्व्हिसिंगची बिलं (त्यावर तारीख आणि किलोमीटर असतात) आणि टोलचे मेसेज जोडले. पहिलं उत्तर आलं, 'बिल सिस्टमने तयार केले आहे.' बाबा म्हणाले, "सिस्टमले सही करता येत नाही म्हना." मग कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहिलं, आणि १९१५ ह्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. फोनवर काहीही बोलणं झालं की त्याच दिवशी 'आपण असं म्हणालात' असा ईमेल टाकायचा, हे बाबांचं फर्मान.

दीड-दोन महिने गेले. शेवटी ७६६ किलोमीटर त्यांनी पूर्ण वगळले. उरले ६,५४४. त्यातल्या निम्म्यांचे, म्हणजे ३,२७२ किलोमीटरचे २६,१७६ रुपये भरा आणि प्रकरण मिटवा, असा प्रस्ताव आला. ५८,४८० वरून २६,१७६. मी आयोगापर्यंत जायच्या बाजूने होतो. दादाने हिशोब केला, नव्या नोकरीतल्या सुट्ट्या मोजल्या आणि पैसे भरले. भरण्याआधी 'आता काहीही बाकी नाही' असं पत्र मात्र मागून घेतलं. बाबांना ते थोडं खटकलं, पण ते काही बोलले नाहीत. त्या फेऱ्या कोणासाठी झाल्या होत्या हे त्यांना माहीत होतं.

तेव्हा मित्रांनो, गाडी घ्याल तेव्हा सही करण्याआधी 'मध्येच सोडली तर किलोमीटर कसे मोजणार' हे विचारा आणि करारात लिहून घ्या. घेताना आणि देताना डॅशबोर्डचा फोटो काढा, दोघांच्या सह्या घ्या, आणि गाडी दिली त्याच मिनिटाला फास्टॅग बंद करा.

आणि गाडीला अजून वेळ असेल तर सुरुवात होस्टेलपासून करा. पुढच्या सत्रात खोली ताब्यात घेताना पंखा, ट्यूबलाइट, खिडकीची काच ह्यांची यादी करून वॉर्डन सरांची सही घ्या. मी ह्या वर्षी घेतली. सर हसले, पण सही केली. कपाटाचं तुटकं बिजागर त्या यादीत तिसऱ्या नंबरवर आहे.