यांत्रिक नौकेचा रात्रीचा मुक्काम : नांगर कसा धरतो?

पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या कोकण किनाऱ्यावर मासेमारीच्या यांत्रिक नौकांबरोबरच पर्यटकांना नेणाऱ्या, प्रवासी वाहतूक करणाऱ्या आणि हौसेने सागरभ्रमण करणाऱ्या नौकांचीही वर्दळ असते. यांतील प्रत्येक नौकेला धक्क्याशी जागा मिळतेच असे नाही. अनेक नौकांना खाडीत किंवा किनाऱ्यापासून काही अंतरावर नांगरावरच रात्र काढावी लागते. इंजिन बंद होते, खलाशी निद्राधीन होतात आणि नौकेचा सारा भार पाण्याखालच्या त्या लोखंडी आकड्यावर येतो. एका नौकेवर अनेक कुटुंबांचा चरितार्थ अवलंबून असतो आणि नौकेवर झोपलेल्यांचे प्राणही. म्हणूनच नांगर नेमका कशाच्या बळावर धरतो, हे प्रत्येक नौकामालकाने व तांडेलाने जाणून घेणे अगत्याचे आहे.

वजनापेक्षा ओढीला महत्त्व

नांगर आपल्या वजनामुळे नौकेला रोखून धरतो, असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा आहे. मराठीत शेताच्या नांगराला आणि नौकेच्या नांगराला एकच शब्द आहे आणि दोहोंच्या कार्यातही साम्य आहे. दोन्ही जमिनीत रुततात ते फाळाच्या जोरावर. ब्रिटिश शास्त्रज्ञ जेफ्री इंग्रॅम टेलर यांनी १९३३ मध्ये छोट्या नौकांसाठी जो सुप्रसिद्ध नांगर तयार केला, त्याचा आकारही शेतीच्या फाळासारखाच होता.

फाळ तळात रुतण्यासाठी नांगराच्या दांड्यावरील ओढ तळाशी जवळजवळ समांतर असावी लागते. ओढ आडवी असेल तर फाळ अधिकाधिक खोल जातो. ती वर वळू लागली की दांडा उचलला जातो आणि फाळ सुटतो. सकाळी नांगर काढताना आपण नौका थेट नांगराच्या माथ्यावर आणून दोर उभा ओढतो, तो याच कारणाने. जी उभी ओढ सकाळी उपयोगी पडते, तीच मध्यरात्री घात करते.

ओढ आडवी राखण्याचे काम दोन गोष्टी करतात : दोराची लांबी आणि नांगराजवळ जोडलेली लोखंडी साखळी. साखळी आपल्या भाराने तळावर पडून राहते, लाटेचा हिसका आला की आधी ती उचलली जाते आणि हिसका नांगरापर्यंत पोहोचेतो सौम्य होतो. खडकावर घासून दोर तुटण्याचा धोकाही तिच्यामुळे टळतो. दोर नायलॉनचा असल्यास तो ताणला जाऊन धक्के पचवतो. पाण्यावर तरंगणारा पॉलिप्रॉपिलीनचा दोर या कामास योग्य नाही.

दोर किती सोडावा?

येथेच बहुतेकांची गफलत होते. दोराची लांबी नांगर टाकतेवेळच्या खोलीवरून ठरवून चालत नाही. रात्रीत येणाऱ्या सर्वांत मोठ्या भरतीचे पाणी त्यात धरावे लागते. मुंबईच्या परिसरात मोठ्या उधाणाच्या दिवशी ओहोटी व भरतीच्या पातळीत चार मीटरहून अधिक अंतर पडते. दक्षिणेकडे सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर हे अंतर बरेच कमी असते. भांगाच्या दिवसांत ते सर्वत्रच घटते.

एक उदाहरण घेऊ. सायंकाळी सहाच्या सुमारास पूर्ण ओहोटी आहे आणि नौकेखाली तीन मीटर पाणी आहे. मध्यरात्रीपर्यंत पाणी आणखी चार मीटर चढणार आहे. पाण्यापासून नाळेची उंची एक मीटर आहे. या तिन्हींची बेरीज आठ मीटर होते. थोडी साखळी व बाकी दोर असल्यास एकूण लांबी या बेरजेच्या सातपट, म्हणजे ५६ मीटर असावी. संपूर्ण साखळीच असेल तर शांत हवामानात चार ते पाचपट पुरते. वारा वाढण्याचे चिन्ह दिसताच ही लांबी वाढवावी.

समजा, तांडेलाने केवळ समोर दिसणाऱ्या तीन मीटरचा विचार करून त्याच्या सातपट, म्हणजे २१ मीटर दोर सोडला. सायंकाळी नौका स्थिर वाटेल. मध्यरात्री मात्र तोच दोर आठ मीटर उंचीला जेमतेम अडीचपट उरेल. ताणलेल्या दोराचा तळाशी होणारा कोन ५६ मीटर लांबीला सुमारे ८ अंश असतो, तर २१ मीटरला तो सुमारे २२ अंशांवर जातो. नौका वाहवते ती बहुधा अशा वेळी, सारे झोपेत असताना.

याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी. भरतीच्या वेळी पाच मीटर पाण्यात नांगरलेल्या नौकेखाली मोठ्या ओहोटीला एकच मीटर पाणी उरू शकते आणि ती गाळात बसते, प्रसंगी आपल्याच नांगरावर टेकते. भारतीय सर्वेक्षण विभागाकडून दरवर्षी प्रसिद्ध होणारे भरती-ओहोटीचे कोष्टक यासाठी नौकेवर असणे उपयुक्त ठरते.

जागेची निवड

वाऱ्यापासून व लाटांपासून आडोसा ही पहिली कसोटी आणि तळ कसा आहे ही दुसरी. वाळू व घट्ट चिखल नांगराला चांगला धरतात. अगदी मऊ गाळात फाळ सरकत राहतो. त्यासाठी रुंद फाळाचा नांगर बरा. खडकात नांगर एक तर धरत नाही किंवा अडकून बसतो. तशी शंका असल्यास नांगराच्या फाळाकडील टोकाला निराळी दोरी बांधून तिला तरंगता बोया लावावा, म्हणजे अडकलेला नांगर उलट बाजूने सोडवता येतो. मालवणच्या समुद्रात प्रवाळावर नांगर पडणार नाही याची विशेष दक्षता घेतली पाहिजे. तेथील काही भाग १९८७ मध्ये सागरी अभयारण्य म्हणून घोषित झालेला आहे. सागरी नकाशावर तेलवाहिन्या वा केबल दाखवलेल्या असतील, तेथेही नांगर टाकू नये.

नौका नांगराभोवती फिरते, हेही विसरता कामा नये. ५६ मीटर दोर आणि १४ मीटर लांबीची नौका असेल, तर सुमारे ७० मीटर त्रिज्येचे वर्तुळ मोकळे हवे. कोकणात दिवसा समुद्राकडून खारे वारे वाहतात आणि उत्तररात्री जमिनीकडून मतलई वारे सुटतात. त्यामुळे सायंकाळी किनाऱ्याकडे तोंड नसलेली नौका पहाटे पूर्ण वळलेली आढळते. खाडीत प्रत्येक भरती-ओहोटीबरोबर प्रवाह उलटतो. अरुंद खाडीत एक नांगर प्रवाहाच्या वरच्या बाजूस व दुसरा खालच्या बाजूस टाकल्यास हे फिरणे आटोक्यात राहते.

नांगर रोवण्याची रीत

नौका वारा वा प्रवाह यांपैकी जे प्रबळ असेल त्याच्या समोर आणून थांबवावी. नांगर भिरकावू नये, तळाला लागेपर्यंत सोडावा. नौका मागे सरकू लागली की दोर हळूहळू सोडत जावे. ठरलेली लांबी पुरी होताच दोर पक्का बांधून इंजिन मागच्या गतीत आधी हलके, मग जरा जोराने चालवावे. दोरावर हात ठेवला असता तो ताठ व शांत लागला तर नांगर धरला असे समजावे. थरथर जाणवली तर तो तळावर घासत आहे. अशा वेळी नांगर पुन्हा काढून पुन्हा टाकण्याचा आळस करू नये.

दोर नाळेवर जेथे घासतो तेथे जाड कापड किंवा रबरी नळी गुंडाळावी. शॅकलची खीळ तारेने बांधून घ्यावी. दोराचे शेवटचे टोक नौकेला पक्के बांधलेले आहे, हे आधीच पाहावे.

रात्रीची दक्षता

किनाऱ्यावरील दोन ठळक खुणा, उदाहरणार्थ एखादे दीपगृह व त्यामागील टेकडी, एका रेषेत येतील अशा निवडाव्यात. ती रेषा मोडली आणि नौका केवळ फिरलेली नसेल, तर नांगर सरकला हे ओळखावे. जीपीएस यंत्रातील नांगराचा इशारा लावावा; पण पाळीने जागणाऱ्या खलाशाची जागा तो घेऊ शकत नाही. समुद्रात टक्कर टाळण्यासाठीच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार नांगरलेल्या ५० मीटरपेक्षा कमी लांबीच्या नौकेने सर्व दिशांनी दिसणारा एक पांढरा दिवा ठळक जागी लावावयाचा असतो. सात मीटरपेक्षा लहान नौकांना वर्दळीच्या मार्गाबाहेर सूट आहे. तरीही दिवा लावणेच हिताचे.

वादळापुढे नांगराची मर्यादा

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की नौकेवरील त्याचा दाब चौपट होतो. मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळात मुंबईजवळच्या तेलक्षेत्रातील पी-३०५ हा मोठा बार्ज नांगर सुटून वाहत गेला व बुडाला. त्यात अनेकांना प्राण गमवावे लागले. एवढ्या मोठ्या बार्जची ही गत झाली, तेथे लहान नौकेने उघड्या समुद्रात नांगराच्या भरवशावर राहणे धोक्याचे आहे. हवामान विभागाचा इशारा मिळताच देवगड, विजयदुर्ग, जयगड यांसारख्या सुरक्षित बंदरांचा आश्रय वेळेवर घ्यावा. संकटसमयी तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक आणि व्हीएचएफचा १६ वा चॅनेल उपयोगी पडतो.

नांगर, साखळी व दोर यांवरील खर्च नौकेच्या किमतीच्या मानाने अल्प असतो. सायंकाळी भरतीचा हिशेब करून दोर सोडण्यास आणि नांगर ताणून पाहण्यास फार तर अर्धा तास लागतो. एवढी काळजी घेतली, तर मध्यरात्री पाणी चढले आणि वारा फिरला, तरी सकाळी नौका जेथल्या तेथे उभी सापडेल.