बायबलमधील ‘मस्तक’ संकल्पना आणि स्त्री-पुरुष संबंध : एक अर्थशोध

प्रस्तावना :
नव्या करारातील पौलाच्या पत्रांमध्ये पुरुषास स्त्रीचे ‘मस्तक’ म्हटले आहे (१ करिंथ ११:३, इफिस ५:२३). या एका शब्दाच्या अर्थावर कुटुंबातील पत्नीचे स्थान आणि धर्मसभेतील स्त्रीचा अधिकार, असे दोन प्रश्न अवलंबून राहिले आहेत. अमेरिकेतील सदर्न बॅप्टिस्ट संघाने १९९८ मध्ये पत्नीच्या अधीनतेचे कलम आपल्या श्रद्धानिवेदनात समाविष्ट केले. तर चर्च ऑफ इंग्लंडने १९९४ मध्ये स्त्रियांना प्रथमच पुरोहितपदाची दीक्षा दिली. दोन्ही परंपरा त्याच ग्रंथाचा आधार घेतात. म्हणूनच प्रस्तुत लेखात या संकल्पनेच्या अर्थनिर्णयाचा विचार केला आहे.

शब्दार्थाचा वाद :
मूळ ग्रीक शब्द ‘केफाले’ असा असून त्याचा वाच्यार्थ ‘डोके’ हा आहे. वाद आहे तो लक्ष्यार्थाविषयी. स्टीफन बेडेल यांनी १९५४ मध्ये ‘उगम’ हा अर्थ पुढे मांडला. याउलट वेन ग्रूडेम यांनी १९८५ मध्ये ग्रीक वाङ्मयातील २,३३६ प्रयोग तपासून ‘अधिकारी’ या अर्थाचे समर्थन केले. अँथनी थिसेल्टन यांनी ‘अग्रस्थानी असलेला’ असा तिसरा अर्थ सुचविला.

जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतराचा पुरावाही एकपक्षीय नाही. हिब्रू ‘रोश’ हा शब्द ‘डोके’ आणि ‘नायक’ असे दोन्ही अर्थ देतो. जेथे ‘नायक’ अभिप्रेत आहे, तेथे भाषांतरकारांनी बहुधा ‘केफाले’ टाळून ‘आर्खोन’सारखे शब्द योजले. तथापि शास्ते ११:११ मध्ये इफ्ताहाच्या नेतृत्वासाठी ‘केफाले’ हाच शब्द आला आहे. म्हणजेच अधिकारवाचक अर्थ अशक्य नव्हता, पण तो सर्वसामान्यही नव्हता.

संदर्भाचे महत्त्व :
केवळ शब्दकोशाने हा प्रश्न सुटत नाही. वाक्यरचना व प्रकरण पाहावे लागते. इफिस ५:२२ मध्ये प्राचीनतम हस्तलिखितांत ‘अधीन असा’ हे क्रियापद नाही. ते ५:२१ मधून घ्यावे लागते, आणि तेथे अधीनता परस्परांची आहे. पुढील वचनांत पत्नीपेक्षा पतीला अधिक विस्ताराने उपदेश असून त्याचा गाभा स्वार्पणाचा आहे. पतीने पत्नीस अधीन करावे, अशी आज्ञा तेथे कोठेही नाही. रोमन कायद्याने कुटुंबप्रमुखास दिलेल्या व्यापक सत्तेच्या पार्श्वभूमीवर हा उपदेश लक्षणीय ठरतो.

करिंथच्या पत्रातही ११:५ मध्ये स्त्रिया प्रार्थना करतात व संदेश देतात हे गृहीत धरले आहे. ११:११-१२ मध्ये स्त्री-पुरुषांचे परस्परावलंबन सांगितले आहे. मात्र १ तीमथ्य २:१२ मध्ये स्त्रीच्या शिकविण्यास मनाई आढळते. तेथील ‘आउथेन्तेइन’ हे क्रियापद नव्या करारात एकदाच येत असल्याने त्याचा अर्थ वादग्रस्त आहे.

मराठीतील भाषांतर :
प्रचलित मराठी बायबलमध्ये ‘मस्तक’ हा शब्द योजला आहे. मराठीत ‘कुटुंबप्रमुख’ म्हटल्यावर सत्ता सूचित होते. ‘मस्तक’ म्हटल्यावर देहाचा अवयव डोळ्यांसमोर येतो. त्यामुळे मूळ रूपक, त्यातील संदिग्धतेसह, टिकून राहते. मूळ हिब्रू व ग्रीक भाषा शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणणाऱ्या पंडिता रमाबाईंचे (१८५८-१९२२) कार्य येथे स्मरणीय आहे. स्त्रीने शास्त्र स्वतः वाचावे, हाच त्या परिश्रमाचा अर्थ होय.

निष्कर्ष :
‘मस्तक’ या शब्दातून अधिकाराची छटा पूर्णपणे वगळता येत नाही. इफिस १:२२ मध्ये ती स्पष्ट आहे. परंतु पाचव्या प्रकरणात त्या अधिकाराची कसोटी त्याग ही ठरविली आहे. ती कसोटी बाजूस सारून केवळ अधीनतेचे वचन उद्धृत करणे म्हणजे संहितेचा अर्धाच भाग वाचणे होय. ज्या घरात वा धर्मसभेत असे अर्धे वाचन प्रमाण मानले जाते, तेथे त्याची किंमत स्त्रीलाच मोजावी लागते.